तेरावा महिना कोणाचा?

सध्या धोंड्याचा महिना चालू आहे. यंदा, २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून. आमच्याकडे अमळनेर तालुक्यात म्हणजे डोक्यावर ऊन, नांगरून पडलेली शेतं आणि घरोघरी जावई जेवायला. गेल्या रविवारी आमचे पण मेहुणे आले होते, बहिणीला आणि त्यांना आईने पुरणाचे धोंडे वाढले, वरून तूप सोडलं, सगळे खुशीत, आणि आप्पा मधेच म्हणाले, "या महिन्यात आमच्या घरात कोणी हसत नव्हतं."

माझे आजोबा सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीने मालकाच्या शेतात राबणारे गडी. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आपल्या खान्देशात सालदाराचं साल आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया ते अक्षय्य तृतीया. आखाजीला मांडे-आमरसाचं जेवण झालं की मालकाच्या ओट्यावर बसून पुढच्या वर्षाचा करार व्हायचा, कागद वगैरे काही नाही, सगळं तोंडी. आजोबांचा ठराव आप्पांना अजून पाठ आहे : थोडी रोकड, दोन धोतरं, एक वहाणांचा जोड, आणि ज्वारी महिन्याला एक मण, वर्षाला बारा मण. साठच्या दशकातली गोष्ट. आता यात गोम अशी की धोंड्याच्या वर्षी आखाजी ते आखाजी तेरा महिने भरतात. काम तेरा महिने, ज्वारी बाराच मण. आजी सांगायची, त्या वर्षी चैत्रातच कणगीत हात घातला की तळाचं शेण लागायचं बोटांना. शेवटचा महिना उसनवारीवर.

पटत नसेल तर अलीकडची आखाजी मोजून बघा. २०२३ ला २२ एप्रिल, २०२४ ला १० मे, मधे अधिक श्रावण, म्हणजे ते साल ३८४ दिवसांचं. पुढची आखाजी ३० एप्रिल २०२५, साल ३५५ दिवसांचं. एकाच ठरावात जवळजवळ महिन्याचा फरक.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. पुण्यात होस्टेलला माझा रूममेट अलिबागकडचा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू होता. कोकणात यांना शनिवार तेली म्हणायचे, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. घरात मराठीच, सणांची नावं पण मराठी, नव्याचा सण, खिरीचा सण. मी त्याला दरवर्षी नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, फोन करतो आणि दरवर्षी तारीख बघावी लागते. २०२२ ला आणि २०२४ ला आमची घटस्थापना आणि त्यांचं नवीन वर्ष बरोब्बर एकाच दिवशी, २६ सप्टेंबर आणि ३ ऑक्टोबर, आणि २०२३ ला मात्र त्यांचं १६ सप्टेंबरला होऊन गेलं नि आमची घटस्थापना १५ ऑक्टोबरला. का? तर त्या वर्षी आमचा धोंडा श्रावणात येऊन गेला होता आणि त्यांचा यायचा होता. तेव्हापासून मला याची ओढच लागली.

त्यांचं पण आपल्यासारखंच आहे, महिना चंद्राचा आणि वर्षाला सूर्याशी जमवून घ्यायचं. बारा चांद्रमास म्हणजे साधारण ३५४ दिवस, अकराएक दिवस कमी पडतात, म्हणून १९ वर्षांत ७ वेळा तेरावा महिना घालतात. आपला अधिक महिना ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तिथे पडतो म्हणून कधी श्रावण कधी ज्येष्ठ असा फिरतो, त्यांचा मात्र कायम एकाच जागी, अदार महिना दोनदा. कारण पुढचा महिना निसान, त्यात वल्हांडणाचा सण, आणि तो वसंतातच आला पाहिजे असं त्यांच्या धर्मग्रंथात आहे. आणि चक्रातली वर्षं पण ठरलेली, ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ वं.

पण इतकंच असतं तर वर्षाच्या दोनच लांब्या झाल्या असत्या. त्यांच्याकडे सहा आहेत. साधं वर्ष ३५३, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, तेरा महिन्यांचं वर्ष ३८३, ३८४ किंवा ३८५. हेश्वान आणि किस्लेव असे दोन लागोपाठचे महिने आहेत, ते गरजेप्रमाणे २९ चे किंवा ३० चे करतात, दोन्ही लहान केले की वर्ष एक दिवसाने आखडलं, दोन्ही मोठे केले की एक दिवसाने वाढलं. बाकीच्या महिन्यांना हात लावत नाहीत.

आणि ही गरज कुठून येते ते मला सगळ्यात आवडलं. नवीन वर्षाचा पहिला दिवस रविवारी, बुधवारी आणि शुक्रवारी येऊ देत नाहीत. बुधवारी आला तर दहाव्या दिवशीचा योम किप्पूर, कडक उपासाचा दिवस, शुक्रवारी येतो, आणि शुक्रवारी आला तर योम किप्पूर रविवारी. शनिवार तर शब्बाथ, चूल बंद, काम बंद. म्हणजे लागोपाठ दोन दिवस सगळं ठप्प. तालमूद या त्यांच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात याची कारणं दिलीत, एक जण म्हणतो भाज्यांमुळे, दुसरा म्हणतो मयतामुळे. दोन दिवस पालेभाजी कोमेजून जाईल आणि दोन दिवस प्रेत दफनाशिवाय राहील. उन्हाच्या देशातली माणसं आहेत ती, हे वाचलं की लगेच कळतं. ज्याने जळगावच्या मे महिन्यात घरात मयत ठेवून बाहेरगावच्या नातेवाईकांची वाट बघितली आहे त्याला हे कोणी समजावून सांगायला नको. मेथीच्या जुडीसाठी आणि मयताच्या मानासाठी अख्ख्या वर्षाची लांबी एक दिवस इकडेतिकडे करणारं पंचांग, मला तरी फार मोठं वाटतं हे. रविवारचं कारण वेगळं, तेव्हा सणाच्या शेवटाकडचा, वाळुंजाच्या फांद्या आपटायचा दिवस शनिवारी येतो आणि शब्बाथला ते चालत नाही.

अजून एक नियम आहे आणि तो गणिताचा आहे. ते महिना २९ दिवस १२ तास आणि ७९३ भाग असा धरतात, एका तासाचे १०८० भाग, म्हणजे एक भाग सव्वातीन सेकंदांपेक्षा थोडा जास्त. या हिशेबाने येणाऱ्या अमावास्येच्या क्षणाला मोलाद म्हणतात. मोलाद दुपारी बारा किंवा नंतर आला की नवीन वर्ष दुसऱ्या दिवसावर. मी वही घेऊन गेल्या वर्षी, २०२५ ला, सुरू झालेल्या त्यांच्या ५७८६ सालचा मोलाद काढला, दोन रात्री गेल्या त्यात, आणि उत्तर आलं सोमवार, दुपारी बारा वाजून १० मिनिटं आणि वर ७ भाग. दहा मिनिटांनी हुकलं! त्या दहा मिनिटांपायी नवीन वर्ष सोमवार २२ सप्टेंबर ऐवजी मंगळवार २३ ला गेलं आणि आधीचं ५७८५ हे वर्ष ३५४ ऐवजी ३५५ दिवसांचं झालं. त्या सोमवारी आमच्याकडे घट बसले होते. त्याच्या आधीचं ५७८४ होतं ३८३ दिवसांचं, तेरा महिन्यांच्या वर्षांमधलं सगळ्यात आखूड, कारण मोलाद शुक्रवारी पडला म्हणून सुरुवातच एक दिवस उशिरा झाली होती. आता आमची सालं आठवा, ३८४ आणि ३५५. त्यांची ३८३ आणि ३५५. कुठे अमळनेर कुठे जेरुसलेम, चंद्र एकच ना.

हे ठरलेलं गणित मात्र नंतरचं, परंपरेने इ. स. ३५८-५९ च्या आसपासच्या दुसऱ्या हिलेलच्या नावावर आहे. त्याआधी चंद्रकोर बघितलेले साक्षीदार न्यायसभेपुढे यायचे, आणि तेरावा महिना घालायचा का हे शेतात जव कितपत पिकलाय तेही बघून ठरवायचे. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला कोणालाच खात्री नसायची की हे वर्ष बाराचं की तेराचं. मग भाडेकरार करणाऱ्यांनी काय करायचं?

तर मिश्नामध्ये, म्हणजे त्यांच्या जुन्या धर्मकायद्याच्या संग्रहात, हे आहे. घर वर्षाच्या बोलीने घेतलं आणि मधेच तेरावा महिना आला, तर तो भाडेकरूचा, जास्तीचं भाडं नाही. महिन्याच्या बोलीने घेतलं तर तो मालकाचा, त्याचं भाडं द्यायचं. आणि मग एक खटला दिलाय, सिप्पोरी गावचा. एकाने न्हाणीघर भाड्याने घेतलं, बोली काय, तर वर्षाला बारा सोन्याचे दिनार, महिन्याला एक दिनार. दोन्ही बोलले! तेरावा महिना आला, भांडण रब्बान शिमोन बेन गमलिएल आणि रब्बी योसे यांच्यापुढे गेलं. त्यांनी सांगितलं, तेरावा महिना अर्धा अर्धा वाटून घ्या.

हे वाचलं तेव्हा मी खरंच उठून उभा राहिलो. महिन्याला एक मण, वर्षाला बारा मण. शब्दाला शब्द आजोबांचा ठराव. आणि सिप्पोरीच्या त्या दोघांना निदान आधी माहीत तरी नव्हतं. इथे तर धोंडा कधी येणार हे पंचांगात छापलेलं असायचं, फक्त पंचांग मालकाच्या घरी असायचं आणि आजोबांना वाचता येत नव्हतं. ओट्यावर बसून हो म्हणताना एकाला वर्ष किती दिवसांचं ते ठाऊक आणि दुसऱ्याला नाही. मला याचा आजही राग येतो. आजोबांनी एकदाच विचारलं होतं म्हणे, "तेरावा महिना कोना?" तर उत्तर मिळालं, साल म्हणजे साल.

रविवारी रात्री मेहुणे गेल्यावर आप्पांना ओट्यावर बसून सिप्पोरीची गोष्ट सांगितली. दिनार, न्हाणीघर, दोन रब्बी, सगळं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "आर्धा आर्धा?" मी म्हटलं, हो.

"मंग ईस शेर," आप्पा म्हणाले. मण चाळीस शेरांचा, त्याचा निम्मा. आणि मग आत वळून आईला विचारलं, तेव्हा आपण सगळे मिळून किती होतो गं जेवायला, वीस शेर किती दिवस गेले असते?