आमची वाटचाल : चावी कोणाकडे?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, 1991 साली शेड भाड्याने घेतली, तेव्हा एक जुना एचएमटीचा लेथ (धातू फिरवत कापायचं मशीन), एक पिलर ड्रिल आणि मिस्त्रीकाका एवढंच माझं भांडवल होतं. लेथसाठी आईच्या पाटल्या गेल्या. काका मात्र फुकट मिळाले म्हणायचे. मोठ्या कारखान्यातून निवृत्त होऊन घरी बसलेले, कंटाळलेले. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येऊन वडिलांना म्हणाले, “पोराला एकटं सोडू नका, बोटं घालवून बसेल.” दुसऱ्या दिवशी सकाळी आठला डबा घेऊन शेडवर हजर.

काम जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्यांना लागणारे भाग बनवून द्यायचं. पंपांचे शाफ्ट, स्लीव्ह, कपलिंग, बुश. बडोद्याभोवती रिफायनरी, खतं, रसायनं, सगळंच आहे. कुठे ना कुठे पंप बंद पडतो आणि आमचं पोट चालतं.

पहिली काही वर्षं कोणाचं काम कोणतं हा प्रश्नच नव्हता. काका लेथवर, मी ड्रिलवर, आणि बिलं, बँक, चहा हेही माझ्याकडेच. काकांनी मला शिकवायला कधी बसवलं नाही. काही चुकलं की हातातलं काढून घ्यायचे आणि स्वतः करून दाखवायचे, तेही माझ्याकडे पाठ करून. मान लांब करून बघायची जबाबदारी माझी. एकदा खंडेनवमीला मशीनची पूजा करताना मी मायक्रोमीटरलाही, म्हणजे बारीक माप घ्यायच्या साधनालाही, हळदकुंकू लावायला गेलो. त्यांनी मनगटच धरलं. “डब्याला लाव. तोंडावर कुंकवाचा कण बसला तर उद्या तोच मोजत बसशील.” तेव्हापासून आमच्याकडे कुंकू डब्यालाच लागतं.

2006 मध्ये कर्ज काढून पहिलं सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे संगणकावर चालणारा लेथ, घेतलं. दोन वर्षांनी दुसरं. काकांचे डोळे थकले होते, ते घरी बसले, आणि मी माणसं घ्यायला लागलो. माणसं कशी घ्यायची हे काकांनी शिकवलं नव्हतं. दारावर बोर्ड लावला, ‘ऑपरेटर पाहिजे, अनुभव 5 वर्षं’. आला त्याला विचारायचं, किती वर्षं झाली? जास्त सांगेल त्याला जास्त पगार. सरकारी किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे तीन रकाने असतात. मस्टरवर तेच लिहायचो आणि मला वाटायचं, झालं काम.

मग मे महिन्यातली ती रात्रपाळी आली. चाळीस शाफ्ट, स्टेनलेस 316, बेअरिंगच्या जागी व्यास 50 मिलीमीटर, सूट वर शून्य आणि खाली 16 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). म्हणजे 49.984 च्या खाली गेला की भंगार. मशीनवर बारा वर्षांचा अनुभव असलेला ऑपरेटर. सकाळी आलो तर पेटीत एकावर एक रचलेले चकचकीत शाफ्ट, आणि तक्त्यात प्रत्येकापुढे 49.990, 49.991, 49.989. इतकं सुंदर माप बघून चहा गोड लागला. दहा वाजता क्वालिटीचा मुलगा माझ्यासमोर एक शाफ्ट ठेवून उभा राहिला. 49.967. दुसरा, 49.965. चाळीसपैकी छत्तीस गेले.

झालं होतं असं, की कूलंटच्या, म्हणजे कापताना गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीत धातूचा किस अडकून पंप जवळजवळ बंद पडला होता. जॉब, म्हणजे मशीनवरचा शाफ्ट, तापत होता. ऑपरेटर मशीनच्या पकडीतून (चकमधून) काढल्या काढल्या मोजत होता आणि गरम मापाप्रमाणे ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती, जुळवत होता. 316 हा धातू एका अंशाला मीटरमागे साधारण 16 मायक्रॉन वाढतो. 50 मिलीमीटरचा शाफ्ट खोलीपेक्षा तीस अंशांनी गरम असेल तर 24 मायक्रॉन फुगतो. गार झाला की तेवढाच बसतो. (मोजमापाचं जगभरचं प्रमाण तापमान 20 अंश. बडोद्यात ते जानेवारीच्या पहाटे मिळतं.) बारीक झालेला शाफ्ट पुन्हा जाड होत नाही. वर क्रोमचा थर चढवून (हार्ड क्रोम करून) चालेल का, असं ग्राहकाला विचारलं. नाही म्हणाले.

ऑपरेटरला मी खूप बोललो. तो शांतपणे म्हणाला, “शेठ, बारा वर्षं मी पितळेचे बुश काढले.” पितळ भराभर कापलं जातं, जॉब फारसा तापत नाही, आणि त्याच्या त्या बुशला मापात सूटही बरीच होती. थांबून मोजायची वेळच त्याच्यावर आली नव्हती. त्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. मीच फक्त आकडा विचारला होता.

मग टाकीचं विचारलं. हेल्पर म्हणाला, मशीन चालू असताना हात लावायचा नाही असं सांगितलंय. ऑपरेटर म्हणाला, टाकी हेल्परची. सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा, म्हणाला, पहिला जॉब पास करून मी सातला घरी गेलो. तिघंही खरं बोलत होते. टाकी कोणाचीच नव्हती.

त्या रविवारी काकांकडे गेलो. डोळ्याला पट्टी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, “ठंडो पडवा दे, पछी माप.” (गार होऊ दे, मग मोज.) आणि मग मला विचारलं, “तुझ्याकडे मशीन थांबवायचा हुकूम कोणाला आहे?” मला उत्तर देता आलं नाही.

आता आमच्याकडे वर्षं मोजत नाहीत, न विचारता काय करायची मुभा आहे ते मोजतात. हेल्पर बँडसॉवर माल कापतो, कडेची धार (बर) काढतो, पाळीच्या सुरुवातीला टाकी साफ करून सही करतो. ऑपरेटर जॉब लावतो, टूलचं कापायचं टोक (इन्सर्ट) फिरवतो, आणि झिजेची दुरुस्ती, म्हणजे वेअर ऑफसेट, मिलीमीटरच्या दोन शतांशापर्यंत बदलू शकतो. त्यापुढे बदलायची वेळ आली तर ऑफसेट हा रोग नाही, दुसरंच काही बिघडलंय, सेटरला बोलवायचं. सेटर जॉब धरायचे मऊ जबडे (सॉफ्ट जॉ) बोअर करतो, टूल सेट करतो, पहिला जॉब स्वतः मोजतो. कंट्रोलवर प्रोग्राम उघडायची छोटी चावी असते, ती फक्त त्याच्याकडे. आणि मशीन थांबवायचा हक्क सगळ्यांना, अगदी हेल्परलाही. हा शेवटचा नियम कागदावर सोपा आहे. पहिल्या वर्षी कोणीच थांबवलं नाही, कारण थांबवलं की मी काय तोंड करतो हे सगळ्यांना माहीत होतं.

या बाबतीत वेल्डरांचा मला हेवा वाटतो. प्रेशर व्हेसलच्या कामात वेल्डरची पात्रता चाचणीवर ठरते. नमुना जोड करायला लावतात, वाकवून किंवा एक्स-रे काढून बघतात. पाइप 45 अंशांत तिरपा बांधून जोडायला दिला की वीस वर्षंवाल्यालाही घाम फुटतो. वर सहा महिने त्या पद्धतीचं वेल्डिंग केलं नाही तर पात्रता संपते. टर्नरला, म्हणजे लेथवाल्याला, असं काही नाही, त्याची पुण्याई जन्मभर पुरते.

म्हणून मुलाखतीला आलेल्याच्या हातात मी आता एक शाफ्ट आणि मायक्रोमीटर देतो. माप बरोबर येतं की नाही ते नंतर. आधी तो शाफ्ट पुसतो का, मायक्रोमीटरचा शून्य तपासतो का, हे बघतो. पुसणारे कमी असतात.

आयटीआयमधून दोन वर्षांचा टर्नर ट्रेड करून आलेला एक मुलगा चार वर्षांपूर्वी अप्रेंटिस म्हणून लागला. मागच्या आठवड्यात रात्री त्याच्या मशीनचा कूलंट मंदावला. त्याने मशीन बंद केलं, टाकी उपसली, गाळणी धुतली, काढलेले जॉब पंख्याखाली गार करून पुन्हा मोजले. सकाळी वीसऐवजी अकराच तयार, आणि ग्राहकाचा टेम्पो दारात. मी टेम्पोवाल्याला चहा पाजला. दुपारी मुलाला केबिनमध्ये बोलावून चावी दिली.

त्याने ती खिशात टाकली आणि विचारलं, “शेठ, पगार?”

तीन दिवस झाले, हिशेब चालू आहे.