गाडीची आगोट

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन असतं. एखाद्या वर्षी मृग बेडकावर बसून येतो, आर्द्रा म्हशीवर, आणि पुढच्या वर्षी हेच सगळं पालटतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस जोराचा, अशी आमच्या गावाची समजूत. पण पाऊस कशावरही बसून आला तरी आमच्या वाहनाची गाठ पडते ती उंदराशीच.

आमचं वाहन म्हणजे जुन्या व्हॅनची आसनं काढून केलेली झोपायची गाडी. आत दोन माणसांचा पलंग, एवढासा ओटा, पाण्याची टाकी आणि बॅगेएवढा फ्रीज. हिवाळ्यात तिच्यातून हिंडायचं. पावसाळ्यात मात्र मुंबईच्या सोसायटीत ती कुणालाच नको असते, म्हणून मे संपता संपता तिला देवगडकडच्या घरी, खळ्याच्या कडेला आणून लावायची. गावात तिचं नाव 'चाकावरचा बिराड'.

पहिल्या वर्षी मी तिला प्रेमाने मारलं. निळी ताडपत्री आणली, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढली, नायलॉनच्या दोरीने आवळली. खिडक्या बंद, फ्रीज बंद, हँडब्रेक ओढलेला. लहान मुलाला कानटोपी घालून निजवावं तसं समाधान वाटलं. गणपतीला येऊन ताडपत्री सोडली, तर आतून बंद माजघराचा कुबट वास आला. गादीवर हिरवी बुरशी, प्लाय पापडासारखा फुगलेला, फ्रीजमध्ये तर बोलायलाच नको. वाऱ्यावर फडफडून ताडपत्रीने कोपऱ्यांवरचा रंग पत्र्यापर्यंत घासून काढला होता आणि खारी हवा तिथे आधीच पोचली होती. बॅटरी मेलेली. हँडब्रेक सोडला तरी मागचं चाक हलेना. ब्रेकचे लायनर गंजून ड्रमला चिकटले होते. सिलिंडर तेवढा आठवणीने काढून ठेवला होता, म्हणून आणखी वाईट काही झालं नाही.

शेजारचे तात्या हे सगळं पडवीत बसून पाहत होते. त्यांनी उभा जन्म होडी चालवली. म्हणाले, "पावसाक अडवूक गेलंस आणि वाऱ्याकच अडवलंस. वाऱ्याक वाट ठेव, नायतर तो आपली आपण करून घेतलो."

१ जूनला मासेमारी बंद झाली की तात्यांची होडी वर ओढली जाते. ती मी लहानपणापासून पाहत आलो, पण नीट पाहिली त्यानंतर. ओंडक्यांवर चढवलेली असते, बूड मातीला टेकत नाही. तळाचं बूच काढलेलं, म्हणजे आत पडलेलं पाणी आपलं आपण निघून जातं. वर माडाच्या चुडतांच्या झापांचं छप्पर, पण ते होडीपासून हातभर उंच आणि दोन्ही तोंडांना उघडं.

पुढच्या वर्षी गाडीची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी, तशीच केली. पहिल्यांदा बुडापासून टपापर्यंत गोड्या पाण्याने धुतली, कारण मीठ अंगावर ठेवून झाकणं म्हणजे गंज पाळणं. टपावरचे सांधे सिलिकॉनने भरले. पाण्याच्या टाकीचं बूच काढलं. डिझेल काठोकाठ भरलं. रिकाम्या टाकीत हवेतली ओल पाणी होऊन साचते. चाकांत थोडी जास्त हवा मारून ती फळ्यांवर उभी केली. हँडब्रेक सोडून गिअर घातला, चाकांना चिऱ्याचे तुकडे लावले. बॅटरी काढून घरात, तांदळाच्या कणगीशेजारी ठेवली. तात्यांचा नातू महिन्यातून एकदा तिला चार्जर लावतो आणि मीटरवर १२.६ व्होल्ट आलं की मला फोटो पाठवतो. फ्रीजचं दार काठी घालून उघडं ठेवलं. पलंगाखाली कळीच्या चुन्याची दोन भांडी ठेवली, आतली ओल तो पितो. सायलेन्सरच्या तोंडाला जाळी, कारण कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला त्याहून छान भोक गावात नाही. वर बांबूवर पत्रे, बाजू मोकळ्या. झड येते त्या पश्चिमेला तेवढी झापं. जागाही बदलली. आधी ती माडाखाली होती, हे आता कुणाला सांगवत नाही.

उंदरांवर मात्र उपाय सापडलेला नाही. डांबराच्या गोळ्या ठेवल्या, त्या त्यांनी बहुधा खेळायला घेतल्या. वायरी कुरतडायच्या ठरवल्यावर ते कुरतडतातच. तात्या म्हणतात, मांजर पाळ. मांजर पाळलं, तर ते आमच्या पलंगावरून उतरेना.

या गणपतीत गाडी उघडली. आत नुसता चुन्याचा आणि लाकडाचा वास. बॅटरी जोडली, पहिल्या सेल्फला चालू झाली! मी पुढची फळी काढायला वाकलो, तेवढ्यात तात्या ओरडले, "हलव नको!" गाडीखालच्या कोरड्या जागेत, मागच्या फळीला टेकून, त्यांची कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसली होती. चौथा दिवस होता. अजून सतरा.

आम्ही एसटीने परत आलो. गणपतीच्या परतीच्या गर्दीत, कणकवलीपासून पनवेलपर्यंत उभ्याने.