आधी शहाळं बंद करा

मार्च २०२० पर्यंत आहारतज्ज्ञ म्हणून माझ्या प्रॅक्टिसचं कुठे जरा बस्तान बसत होतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये संध्याकाळची भाड्याची खोली, सकाळी एका खासगी हॉस्पिटलात राउंड आणि हप्त्यांवर घेतलेलं बॉडी कॉम्पोझिशनचं मशीन. निम्मे पेशंट मधुमेहाचे, बाकी थायरॉइड, पीसीओडी, लग्नाआधी बारीक व्हायला आलेल्या मुली आणि किडनीच्या डॉक्टरांनी पाठवलेले थोडे. तांबड्या-पांढऱ्याच्या या गावात 'काय खायचं' हे विचारायला पैसे मोजायचे, हेच लोकांना पचायला वेळ लागतो. मशीन मात्र सगळ्यांना आवडायचं. अनवाणी उभं राहायचं, हँडल धरायचं आणि चरबी किती, स्नायू किती याचा कागद बाहेर. कागद हातात पडला की फी वसूल झाल्याचं समाधान चेहऱ्यावर दिसायचं.

गडबड फेब्रुवारीतच सुरू झाली होती. चिकन खाल्ल्याने कोरोना होतो, ही अफवा व्हॉट्सॲपवरून अशी फिरली की चिकनचे भाव कोसळले. मटणाच्या दरावरून तर कोल्हापुरात २०१९ च्या शेवटी रीतसर आंदोलनच झालं होतं, त्यामुळे तो पर्याय बऱ्याच जणांना परवडणारा नव्हता. ज्या पेशंटना मी मोठ्या मिनतवारीने रोज एक अंडं आणि आठवड्यातून दोनदा चिकन यावर आणलं होतं, ते एका रात्रीत शाकाहारी झाले. तेही डाळी-कडधान्यं वाढवून नव्हे, भात आणि बटाटा वाढवून. "चिकन बंदच केलंय बघा मॅडम," असं मला आनंदाने सांगायचे, जणू मी शाबासकी देणार आहे.

मग २२ मार्चचा जनता कर्फ्यू आणि २५ तारखेला, ऐन पाडव्याला, लॉकडाऊन. क्लिनिक बंद. हॉस्पिटलने बाहेरून येणाऱ्यांच्या व्हिजिट थांबवल्या. भाडं आणि मशीनचा हप्ता चालूच. ज्यांनी तीन महिन्यांचं पॅकेज आगाऊ भरलं होतं, त्यांना मीच फोन केले. काहींनी पैसे परत मागितले, दिले. बाकीच्यांना म्हटलं, फोनवर चालू ठेवू, जमतंय का बघू.

त्याच २५ मार्चला केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, पण ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी. म्हणून माझे नियम मीच ठरवले. ताजे रिपोर्ट पाठवल्याशिवाय आहार लिहून द्यायचा नाही. इन्सुलिन किंवा गोळीच्या डोसबद्दल चकार शब्द काढायचा नाही, डॉक्टरांना फोन लावायला सांगायचं. आणि फी पहिल्या कॉलआधी. हा शेवटचा नियम लिहायला सोपा, पाळायला महाकठीण. ओळखीतला माणूस "सहज विचारतोय" म्हणून अर्धा तास घेतो आणि त्याला गूगल पेचा नंबर पाठवायला आपलीच जीभ रेटत नाही.

फोनवर पहिली पंचाईत मापांची. क्लिनिकमध्ये माझ्या टेबलावर वाट्या असायच्या, दाखवून सांगता यायचं. आता 'एक वाटी' म्हणजे नेमकी केवढी? शेवटी युक्ती सुचली. पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली घ्या, घरातल्या वाटीने भरा आणि किती वाट्या बसल्या ते सांगा. कुणाच्या बाटलीत पाच वाट्या बसल्या, तर कुणाची बाटली तिसऱ्याच वाटीला भरली. म्हणजे माझ्या तक्त्यातला 'एक वाटी भात' एका घरात दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त होता, आणि हे इतकी वर्षं असंच चाललं असणार.

ताटांचे फोटो मागवले, तर पहिल्या आठवड्यात सगळ्यांची ताटं दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासारखी सजलेली. काकडी, टोमॅटो, वर कोथिंबीर. मग ताट सोडलं आणि कढई, भाकरीची टोपली, तेलाचा कॅन यांचे फोटो मागायला लागले. तेलाच्या कॅनला खोटं बोलता येत नाही. माणशी महिन्याला अर्धा लिटर, असा साधा हिशोब मी सांगते. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल, तर माणशी सव्वा लिटर झालं. "तेल अगदी कमी वापरतो आम्ही" हे वाक्य तिथेच संपतं. लॉकडाऊनमध्ये घरोघरी पाणीपुरी, वडापाव आणि जिलेब्यांचे प्रयोग चालले होते, त्याचाही हिशोब त्याच कॅनमध्ये निघाला.

दुसरं म्हणजे, फोन स्पीकरवर असला की स्वयंपाक करणारी बाई आपोआप बोलण्यात येते. क्लिनिकमध्ये साहेब एकटे यायचे, मान डोलवायचे, कागद घडी घालून खिशात. आता मी "रात्री भाकरी एकच" म्हटलं की मागून आवाज यायचा, "अहो मॅडम, ह्यांना रात्री भाकरी नकोच असती, दोन वाजता फरसाण काढत्यात डब्यातलं!" हे मला समोरासमोर कधीच कळलं नसतं.

पण एप्रिल-मे उलटला तसं माझ्या लक्षात आलं की आपलं काम काही नवीन सुचवण्याचं राहिलेलंच नाही. लोक रोज काहीतरी नवीन सुरू करतायत आणि मी ते थांबवतेय. आयुष मंत्रालयाने मार्चअखेरीस तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्यायला सांगितलं होतं. लोकांनी त्यात लवंग, ओवा, लसूण, हाताला लागेल ते घातलं आणि चहाऐवजी पाच-पाच वेळा प्यायला सुरुवात केली. तोंड आलं, छातीत जळजळ, मूळव्याध असलेल्यांचे तर हाल. त्यात गूळ. मधुमेहाच्या एका काकांची साखर का वाढतेय ते सापडेना. भाकरी मोजून, फळ मोजून. मग काढा निघाला. दर कपात गुळाचा खडा.

"काका, गूळ म्हणजे साखरच की."

"आवो, हा आपला कोल्हापुरी गूळ हाय. त्यानं काय हुतंय?"

पाच कपांत पन्नासेक ग्रॅम गूळ पोटात जात होता. आपल्या गुळाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन असलं तरी स्वादुपिंडाला ते ठाऊक नसतं, हे मी त्यांना हसत हसत सांगितलं. काढा बंद करायला ते तयार होईनात, म्हणून एक कप, बिनगुळाचा, यावर तडजोड झाली.

खरी भीती मला शहाळ्याची वाटायची. 'रोज दोन शहाळी प्या, प्रतिकारशक्ती वाढवा' असा मेसेज प्रत्येक ग्रुपवर होता. धडधाकट माणसाला त्याने काही होत नाही, फक्त खिसा हलका होतो. पण डायलिसिसवरच्या माणसाला शहाळं म्हणजे पोटॅशियमची बाटली. किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, रक्तात साठतं आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. माझ्या एका डायलिसिसच्या पेशंटच्या सूनबाईंनी फोन केला, "मामंजींना अशक्तपणा लई वाटतोय, पायात जोरच नाही." काय काय देता विचारलं, तर सकाळ-संध्याकाळ शहाळं, मधे मोसंबीचा रस. म्हटलं, आधी शहाळं बंद करा, रस बंद करा आणि आत्ता डॉक्टरांना फोन लावा. पोटॅशियम सहाच्या वर निघालं. पाचच्या आसपास वरची मर्यादा असते. डॉक्टरांनी डायलिसिस लगेच उरकून घेतलं आणि मामंजी सावरले. त्या दिवशी मी माझ्या किडनीच्या सगळ्या पेशंटना एकच व्हॉइस मेसेज पाठवला: शहाळं नको, रस नको, पालेभाजी आणि बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं, सूप म्हणून प्यायचं नाही. तो मेसेज पुढे फिरत फिरत माझ्याकडेच परत आला, खाली कुणीतरी 'हळद टाका' जोडून.

पैशाचं सांगायचं तर पहिले काही महिने मशीनचा हप्ता साठवलेल्यातून गेला. पॉलिक्लिनिकच्या मालकांनी भाडं निम्मं केलं, हा त्यांचा मोठेपणा. याच काळात 'इम्युनिटी पावडर'वाल्यांचे फोन सुरू झाले. डब्यामागे कमिशन, वर तुमच्या फोटोची जाहिरात मोफत. नाही म्हटलं, आणि नाही म्हणताना हात जरा आखडला, कारण आकडा वाईट नव्हता. ऑनलाइन कोर्स करून महिन्याभरात 'न्यूट्रिशन कोच' झालेले लोक तेच डबे विकत होते. पदवी, इंटर्नशिप आणि मग परीक्षा देऊन आरडी, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ, झालेल्या आमच्यासारख्यांना त्याचा राग येणं साहजिक होतं. मार्च २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्यात आहारतज्ज्ञांचीही नोंद झाली, तेव्हा बरं वाटलं. पण कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी डबे विकायचे थांबले, असं काही झालं नाही.

माझा एक पेशंट रिक्षावाला. धंदा बंद, बायको माहेरी अडकलेली, हा शिवभोजन केंद्रावरून पार्सल आणायचा. दहाची थाळी तेव्हा पाच रुपयांना झाली होती. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. त्याला 'ओट्स खा' सांगणारा आहारतज्ज्ञ नालायकच म्हणायला हवा. तीच थाळी ठेवली. निम्मा भात संध्याकाळसाठी बाजूला, वर मूठभर भाजके शेंगदाणे आणि उकडलेलं एक अंडं. त्या वर्षी माझ्या बऱ्याच तोलामोलाच्या पेशंटपेक्षा त्याची साखर बरी राहिली.

दुसरी लाट आमच्याकडे उशिरा आली आणि हटता हटेना. राज्यात आकडे उतरत होते तेव्हा, जून-जुलै २०२१ मध्येही, कोल्हापूर वरच होतं. आता फोन वजनाचे नव्हते. "तोंडाला चवच न्हाई, घास आत जात न्हाई." बरे होऊन आलेले लोक मांड्या-दंड गळाल्यासारखे दिसायचे. धडधाकट माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, हा आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. आजारातून उठताना त्याहून जास्त. आणि हे लोक नुसत्या भाताच्या पेजेवर होते! आजारी माणसाला हलकं द्यायचं, ही आपली पिढीजात समजूत. हलकं खरंच, पण त्यात असतं काय?

मग पेज न मोडता तिच्यातच भर घातली. पेजेत मूगडाळ शिजवून, वरून तूप. नाचणीच्या आंबिलीत ताक. दुधात दुधाची पावडर. मऊ भातावर मेतकूट आणि दाण्याचं कूट. ज्यांना चालतं त्यांना अंडं, आणि चिकनचा नुसता रस्सा नको, आतले तुकडे खा म्हणून सांगायचं. पांढरा रस्सा पिऊन ताकद येते, हा आमच्याकडचा ठाम समज. त्यात बाकी सगळं छान असतं, प्रथिनं मात्र वाटीभर रश्शात नावालाच. वास गेलेल्यांना गरम जेवण नकोसं वाटायचं, गार ताक, सोलकढी, कैरीचा तक्कू उतरायचा. धाप लागणाऱ्याला चावणंही जड जातं, म्हणून तीन जेवणांऐवजी सहा वेळा थोडं थोडं. पालथं झोपायला सांगितलेलं असेल, तर जेवणानंतर तासभर नाही, हेही लोकांना कुणीतरी सांगावं लागत होतं.

स्टेरॉइडची साखर हे वेगळंच प्रकरण. जून २०२० नंतर ऑक्सिजनवरच्या पेशंटसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड वापरात आलं आणि त्याने जीव वाचले. पण सकाळी स्टेरॉइड घेतलं की साखर दुपारनंतर चढते आणि पहाटेपर्यंत बरीच उतरते. घरी लोक तपासायचे उपाशीपोटीच. आकडा ११०, सगळे खूश. मी म्हणायचे, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासा. २८०, ३००. मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराच्या बातम्या आल्या, आणि अनियंत्रित साखर हे त्याचं मोठं कारण, हे कळल्यावर मला लोकांना घाबरवावं लागलं नाही. आकडा थेट डॉक्टरांना कळवायचा. माझ्याकडे फक्त दुपार आणि संध्याकाळ. भात सकाळच्या जेवणात, चार वाजताचा बिस्किट-चहा बंद, त्याऐवजी ताक आणि फुटाणे. यातली 'बिस्किट बंद' ही सूचना सगळ्यांत जास्त भांडून मान्य करून घ्यावी लागली. कोविड परवडला, मारी बिस्किट सुटत नाही.

आता खोली आठवड्यातून दोनच दिवस घेते. मशीन विकून टाकलं. नवीन पेशंटचा पहिला कॉल घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीबरोबर होतो, मग ती आई असो, बायको असो की डबा देणाऱ्या मावशी. त्यांना वेळ नसेल तर तारीख पुढे ढकलते. पुण्या-मुंबईतली पोरं ऑनलाइन येतात, त्यांचा कॅन स्विगीवर असतो, त्यामुळे त्यांच्याकडून ऑर्डरचा इतिहास मागवते. रात्री नऊनंतर मेसेजला उत्तर मिळणार नाही, असं फॉर्मवर ठळक छापलंय. साडेदहाला शहाळ्याचा फोटो येतो, खाली प्रश्न: हे चालेल का? किडनीचा पेशंट असेल तर तेवढ्यापुरतं उत्तर देते.