कात्री 'प'च्या आधी: रेडिओसाठी टेपचं संपादन

पाव इंची टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा विराम म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर टेप. टेपवर मुलाखतीचं संपादन याच हिशेबावर चालतं. १९४७ साली अमेरिकेत गायक बिंग क्रॉस्बीचा रेडिओ कार्यक्रम अभियंता जॅक मुलिनने जर्मनीहून आणलेल्या मॅग्नेटोफोन या टेपरेकॉर्डरवर कापून-जोडून तयार केला. त्या यंत्रांचा वेग होता सेकंदाला सुमारे ७७ सेंटिमीटर, त्यामुळे एकेक अक्षर ऐसपैस पसरलेलं. १९च्या वेगाला कान जास्त तयार लागतो.

समजा वाक्य आहे, 'आम्ही तेव्हा म्हणजे आपलं ते पुण्याला राहायचो', आणि 'म्हणजे आपलं ते' काढायचंय. मोटर बंद, टेप प्लेबॅक हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, टेकलेली, दोन्ही स्पूल हातांनी हळूहळू मागेपुढे. शब्द जाड घरघरीसारखे ऐकू येतात. 'पुण्याला'चा 'प' चटकन सापडतो, कारण ओठ मिटले की आवाज क्षणभर खरोखर थांबतो. 'म्ह' मात्र छळतो; 'तेव्हा'तला 'आ' सरळ त्यात विरघळलेला असतो. स्वर संपून नाकातली गुणगुण सुरू होते ती जागा चार-पाचदा ऐकून पक्की करायची. मग टेपच्या पाठीवर (लेप नसलेल्या बाजूवर), हेडच्या फटीसमोर, चायनाग्राफ या मेणाच्या पेन्सिलची बारीक रेघ. पेन्सिलीचं मेण हेडला लागलं की आवाजाची धार जाते, म्हणून हात हलका हवा.

नको असलेल्या पहिल्या शब्दाच्या अगदी आधी कापायचं आणि हव्या असलेल्या शब्दाच्या अगदी आधी. म्हणजे मधला विराम, श्वास मूळचाच राहतो. हे चुकलं की माणूस लागोपाठ दोनदा श्वास घेतो आणि श्रोत्याला जोड कळतो. जिथे विरामच उरत नाही तिथे त्याच खोलीतली शांतता जोडावी लागते. ती रेकॉर्डिंगच्या दिवशीच अर्धा मिनिट टेपवर घेऊन ठेवावी. कोरी टेप जोडली तर आवाज विहिरीत पडल्यासारखा वाटतो.

टेप कापायच्या खाचेच्या ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, ऑक्साइडची (चुंबकीय लेपाची) बाजू खाली, छेद ४५ अंशांचा. टेपची रुंदी ६.३ मिलिमीटर, म्हणून तिरक्या जोडावर एक आवाज उतरून दुसरा चढायला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. ब्लेडला चुंबकत्व आलं असेल तर जोडावर 'टक्' येतं. आधी डीगॉस करावं, म्हणजे ते चुंबकत्व काढून टाकावं. टोकं भिडवून, फट न ठेवता आणि एकावर एक न चढवता, स्प्लायसिंग टेपचा (जोडासाठीच्या खास चिकटपट्टीचा) दोनेक सेंटिमीटरचा तुकडा पाठीवर लावून नखाने घासायचा. साधी सेलोटेप कधीही वापरू नये. तिचा डिंक कडेने पाझरतो आणि शेजारची वेटोळी चिकटतात.

तयार स्पूल कार्यक्रमाचा शेवट बाहेरच्या वेटोळ्यावर ठेवूनच कपाटात जावा. शेजारच्या वेटोळ्यावर आवाजाचा पुसट ठसा उमटतोच; असं ठेवल्यावर त्यातला ठळक ठसा शब्दाच्या नंतर येतो आणि शब्दाखालीच झाकला जातो. वाजवण्याआधी उलटं गुंडाळून घेतलं की ठसा थोडा फिकाही होतो.