हलणाऱ्याला जास्त जागा

फोंड्यापासून पेडण्यापर्यंत कुणाच्याही घरी जा, टीव्हीखालच्या खणात डीव्हीडींची एक चळत असतेच. साधारण 2005 ते 2015 या काळात घरात जे जे मंगल घडलं, ते सगळं त्या चकत्यांवर जाऊन बसलं आहे. बारसं, मुंज, लग्न, घरभरणी, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, आणि देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनी पहाटेपर्यंत केलेलं संगीत नाटक. लग्नाची डीव्हीडी वेष्टणावरून लगेच ओळखू येते. नवरानवरी उभी असतात मंगेशीच्या देवळापुढे आणि पाठीमागे असतो स्वित्झर्लंडचा बर्फ. नाटकाच्या डीव्हीडीला असलं काही नसतं. वर मार्करने ‘उत्सव, अंक 1-2’ एवढं लिहिलेलं. तिसऱ्या अंकाची चकती पलीकडच्या वाड्यावर कुणीतरी बघायला नेलेली असते, ती अजून यायची आहे.

प्लेअर मात्र कधीच गेला. काही वर्षं त्याच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स बसवून त्याला कामाला ठेवलं होतं, पुढे भंगारवाल्याने नेला. नव्या लॅपटॉपला चकती घालायची फटच नसते. तेव्हा यूएसबीला लावायचा एक ड्राइव्ह म्हापशाहून आणला आणि ठरवलं की चकत्यांवरचं सगळं संगणकावर उतरवून यंदा खण रिकामा करायचा.

पहिली गाठ पडते ती बुरशीशी. आमच्याकडचा पावसाळा चामड्याच्या पट्ट्याला सोडत नाही, पापडाच्या डब्याला सोडत नाही, तो डीव्हीडीला काय सोडणार? चकती उजेडात तिरकी धरली की कडेला पांढुरकी जाळी दिसते. साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड घ्यावं. जुनं धोतर असेल तर उत्तम, पण आता जुनी धोतरंही डीव्हीडीवरच सापडतात. पुसताना मधल्या भोकापासून सरळ कडेकडे हात न्यायचा. आपला हात सवयीने गोल फिरतो, ते चुकीचं. चकतीवर सगळी माहिती एकाच वळत जाणाऱ्या रेघेत, आतून बाहेर लिहिलेली असते. रेघेला आडवा गेलेला ओरखडा तिला ठिकठिकाणी थोडंथोडं कापतो, आणि तेवढं नुकसान चुकादुरुस्तीचं गणित भरून काढतं. रेघेच्याच अंगाने गेलेला ओरखडा मात्र सलग मजकूर खातो.

लिखाण आतून बाहेर, आणि बोटं, बुरशी, दमट हवा हे सगळं बाहेरून आत. काठोकाठ भरलेल्या चकतीवर याचा परिणाम असा होतो की आमच्या घरच्या लग्नांत पुण्याहवाचन खणखणीत चालतं आणि पंगत बसली की चित्र अडखळायला लागतं. काका सोलकढीची वाटी तोंडापर्यंत नेतात आणि तिथेच थिजतात. ड्राइव्ह गुरगुरतो, मागे-पुढे होतो. कधी काकांना ती सोलकढी मिळते, कधी थेट वरात निघते.

विकतच्या सिनेमांच्या डीव्हीडींच्या वाटेला मी जात नाही. त्यांच्यावर नक्कल करू न देणारं, सीएसएस नावाचं 40 बिटांचं कुलूप असतं. ते 1999 मध्येच फुटलं, नॉर्वेतल्या एका पोरावर त्यापायी खटला चालला आणि तो निर्दोषही सुटला. आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात 65अ हे कलम आलं, हक्क डावलण्यासाठी असलं कुलूप फोडणं हा त्याने गुन्हा ठरवला आहे. कायदा राहू दे बाजूला, ते सिनेमे आज कुठे ना कुठे बघायला मिळतातच. आमच्या देवळातलं नाटक जगात दुसरीकडे कुठेही लागणार नाही. घरगुती चकतीवर कुलूपही नसतं.

या कामाला मी जे सॉफ्टवेअर वापरतो त्याचं नाव हॅण्डब्रेक. एरिक पेटी नावाच्या माणसाने 2003 मध्ये ते लिहायला घेतलं, पुढे बऱ्याच जणांनी हात लावला, आणि पहिल्या पूर्ण आवृत्तीचा 1.0 हा आकडा त्यावर लागला 2016 च्या नाताळच्या आदल्या दिवशी. तेरा वर्षं ‘अजून पूर्ण झालेलं नाही’ म्हणत काम करत राहणारी माणसं मला आवडतात. फुकट आहे, मुक्त आहे, जाहिरात नाही. त्याचं चिन्ह म्हणजे एक अननस आणि शेजारी पेयाचा ग्लास. भारतात अननस पोर्तुगीजांनी आणला, त्यामुळे हे चिन्ह पणजीतल्या एखाद्या बारवर लावलं तरी कुणी वळून बघणार नाही. आईने स्क्रीनवर ते पाहिलं आणि विचारलं, “हें कितें रे, ज्यूसचं दुकान काढतोस?”

खरी गंमत पुढे आहे. डीव्हीडीतलं एक चित्र म्हणजे 720 आडवे आणि 576 उभे ठिपके, चार लाखांच्या वर. अशी सेकंदाला 25 चित्रं. ती जशीच्या तशी साठवली तर दोन तासांच्या लग्नाला 100 जीबीहून जास्त जागा लागेल, आणि चकतीत मावतात 4.7 जीबी. म्हणजे आपण ज्याला मूळ प्रत म्हणतो तीच वीसपटीहून जास्त दाबलेली असते. ते काम करते एमपेग-2 ही 1990च्या दशकातली पद्धत. 2003 साली आलेली एच.264 ही पद्धत साधारण निम्म्या जागेत तेवढंच चित्र बसवते. हॅण्डब्रेक काय करतो, तर पहिल्या पद्धतीतलं चित्र उलगडतो आणि दुसऱ्या पद्धतीने पुन्हा घडी घालतो.

घडी घालायची युक्ती किराणावाल्याच्या उधारीच्या वहीत असते तीच. एक चित्र पूर्ण लिहायचं, आणि पुढच्या चित्रात जे बदललं नाही तिथे ‘वरीलप्रमाणे’. मांडवाचा खांब? वरीलप्रमाणे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या? वरीलप्रमाणे. जे हललं ते कुठून कुठे सरकलं एवढंच टिपायचं, आणि खरोखर नवं जे आलं असेल त्यालाच जागा द्यायची. त्यामुळे फाइलीत सगळी जागा खातात ते हलणारे.

आमच्या एका लग्नात आजोबा खांबाला टेकवलेल्या खुर्चीत बसले ते जेवायलाच उठले. हातात काठी, मान किंचित उजवीकडे. कॅमेरा त्यांच्यावरून जातो, परत येतो, थांबतो, आजोबा तसेच. त्यांच्यावर संगणकाचा जवळजवळ काहीच खर्च होत नाही. मला आधी हा जरा अन्याय वाटला. पण आजोबांना हे आवडलं असतं. आपल्यापायी कुणाला खर्च पडू नये यासाठी त्यांनी हयात घालवली, लग्नातसुद्धा बसने आले होते. शिवाय न हलणाऱ्यावर पुन्हा पुन्हा काही लिहावं लागत नसल्यामुळे चित्रात सगळ्यांत रेखीव तेच दिसतात. कानावरचे केस मोजून घ्यावेत.

उलट टोकाला अक्षता. ‘सावधान’ झालं की दोनशे हात एकदम वर जातात आणि हजारो दाणे, प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने, वेगळ्या वेगाने. वरीलप्रमाणे म्हणायला काही उरतच नाही. मूळ डीव्हीडीतच त्या क्षणी चित्राचे चौकोन पडलेले दिसतात. एका सेकंदाला किती माहिती वापरायची याला तिथे मर्यादा असते, आणि अक्षता ती मर्यादा ओलांडतात. ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप, नेमका त्याच क्षणी नवरानवरीचे चेहरे ठोकळ्यांचे. त्यात व्हिडिओवाल्याने वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडलेल्या असतात, बदाम फिरत फिरत मोठे होतात, एका बदामातून नवरा निघतो. पाकळ्यांचा हा पाऊस फाइलीत किती जागा खातो हे त्याला कुणी दाखवलं असतं तर निदान अर्ध्या पाकळ्या त्याने आवरल्या असत्या. बहुधा नसत्याच आवरल्या.

या हिशेबाने संगीत नाटक अगदी स्वस्तात पडायला हवं. मागे रंगवलेला राजवाड्याचा पडदा, पुढे गावातलेच कुणी गुरुजी एका जागी उभे राहून पद आळवताहेत, वन्समोअर मिळतोय, तेच पद पुन्हा. हलतो तो फक्त हात. पण फाइल बघितली तर फुगलेली! कारण नाटक रात्रीचं, देवळाच्या मंडपातलं, आणि कॅमेरा साधा. कमी उजेडात असा कॅमेरा अंधारातसुद्धा काहीतरी दिसतंय असं भासवत राहतो, काळ्या जागेत बारीक दाण्यांची वळवळ चालू असते. डोळ्याला ती जाणवतही नाही, संगणकाला मात्र वाटतं की विंगेत दंगल चालली आहे. हा गोंगाट थोडा पुसून घ्यायची चाळणी हॅण्डब्रेकमध्ये आहे. हलक्या हातानेच वापरावी. जास्त वापरली की गुरुजींच्या चेहऱ्यावरचा रंग असा गुळगुळीत होतो की ते मेणाचे वाटायला लागतात.

बाकी सगळा खेळ आरएफ नावाच्या एका पट्टीचा. 0 ते 51, आकडा लहान तसं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीव्हीडीसाठी 18 ते 22 च्या आसपास राहा असं हॅण्डब्रेकवाले स्वतःच सांगतात, मी 20 धरतो. खरं तर आज हार्ड डिस्क इतकी स्वस्त आहे की आणखी न दाबताच सगळं ठेवलं तरी चालेल, आणि एक तशी मूळ नक्कल ठेवावीच. दाबायचं ते फोनसाठी, मस्कतमधल्या भावासाठी, आणि टीव्हीच्या पेन ड्राइव्हसाठी. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह 4 जीबीहून मोठी फाइल घेतच नाही.

हात हलवणाऱ्यांच्या कडा दातेरी दिसत असतील तर डीइंटरलेस लावायचं. जुन्या टीव्हीसाठी एक चित्र दोन हप्त्यांत, आधी एकाआड एक रेघा आणि मग उरलेल्या, असं टिपलेलं असतं. दोन हप्त्यांमधल्या वेळात फुगडीवाली पुढे गेलेली असते. आणि रुंदी-उंचीचं प्रमाण नीट बघून घ्यावं. जुनं चौकोनी चित्र नव्या रुंद टीव्हीवर ताणून बघायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की मी ते सरळ केलं तेव्हा घरात खळबळ उडाली. वहिनी म्हणाल्या, “बघा, मी जाड नव्हतेच!” आणि ती फाइल त्यांनी तिथल्या तिथे मागून घेतली.

तयार फाइल कुठल्या प्रकारची ठेवायची, एमपी4 की एमकेव्ही, यावर लोक बरंच बोलतात. माझं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं. एमपी4 फाइलीची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. काम अर्ध्यावर तुटलं की झालेला भागही उघडत नाही. एमकेव्ही जिथवर पोचलेली असेल तिथवर चालते. जून ते सप्टेंबर आमच्याकडे वारा सुटला की माडाची झावळी तारेवर पडते आणि लाईट जाते. सगळी ताकद लावून राबणारा जुना लॅपटॉप बॅटरीवर फार टिकत नाही. म्हणून पावसाळ्यात एमकेव्ही, चतुर्थी होऊन आभाळ निवळलं की एमपी4.

परवा डिचोलीच्या मामांच्या लग्नाचा वाढदिवस होता, त्यांची फाइल आधी काढली. आरएफ 20 ठेवू की 19 यावर मी रात्र घालवली होती. अक्षतांपुरता निराळा तुकडाही करून पाहिला. त्यांना पेन ड्राइव्हवर दिली, त्यांनी मुलाकडून फोनवर घेतली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. तिथे पाठवताना ॲपने ती पुन्हा आपल्या पद्धतीने दाबली, इतकी की मामी कुठल्या आणि करवली कुठली हे साडीच्या रंगावरून ओळखायचं. खाली पंधरा-वीस अंगठे आणि ‘एकदम क्लिअर’ असा शेरा.

मी फोन करून म्हटलं, “मामा, व्हिडिओ म्हणून नका पाठवू, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग चित्र खराब होत नाही.”

“डॉक्युमेंट कशाला रे?” मामा म्हणाले. “लग्न आहे ते, आधार कार्ड नव्हे.”