शून्याच्या वर तीन अंश

परवा फोनवर मावशी म्हणाली, "काचेचं घर आहे ना गं तुझ्या झाडांना? मग त्यांना कसली आलीये थंडी?" इथे, या गोठवणाऱ्या थंडीच्या मुलखात येण्याआधी मलाही असंच वाटायचं. ग्रीनहाऊस म्हणजे ऊबदार जागा. दिवसा ते खरंही असतं; ऊन असेल तर ऐन हिवाळ्यातही आत गेल्यावर पाच मिनिटांत स्वेटर काढावासा वाटतो. पण काच ऊन आत घेते, ऊब धरून ठेवत नाही. सूर्य मावळला की काही तासांत आतला पारा बाहेरच्या पाऱ्याजवळ येऊन टेकतो. मग पहाटेपर्यंतची सगळी जबाबदारी आपली.

पहिल्या हिवाळ्यात हे मला मोगऱ्याने शिकवलं. त्याची कुंडी मी काचेला अगदी चिकटून ठेवली होती, जास्त उजेड मिळावा म्हणून. एका निरभ्र रात्रीनंतर सकाळी दार उघडलं तर काचेला आतून पांढरी नक्षी धरलेली आणि त्या बाजूची सगळी पानं गडद हिरवी, ओली, आरपार दिसावीत अशी झालेली. हाताला गार चिंधीसारखी लागली. दुपारपर्यंत ती काळी पडली. पानातलं पाणी पेशींच्या मधल्या पोकळीत गोठतं, तो बर्फ पेशींतलं पाणी ओढून घेतो आणि बर्फ वितळला की पान उभं राहूच शकत नाही. कुंडी आत एक हातभर सरकवली असती तरी बरीच पानं वाचली असती.

तेव्हापासून मी संध्याकाळी आधी आभाळ बघते. ढग असले की ते पांघरुणासारखं काम करतात आणि रात्र सौम्य जाते. आभाळ स्वच्छ, चांदण्या लख्ख आणि वारा पडलेला, की जमीन आणि पानं आपली उष्णता सरळ आकाशात सोडतात. पान भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होऊ शकतं. सगळ्यात वाईट वेळ मध्यरात्रीची नव्हे, सूर्योदयाच्या आसपासची. म्हणून झोपण्यापूर्वी थर्मामीटर बघून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. किमान-कमाल थर्मामीटर हवाच, रात्रीचा नीचांक नोंदवून ठेवणारा. 18व्या शतकात जेम्स सिक्स नावाच्या इंग्रजाने तो बनवला आणि तीच इंग्रजी यू आकाराची नळी आजही मिळते. माझा थर्मामीटर मी मधल्या फळीवर, कुंड्यांच्या उंचीवर टांगलाय. छताजवळ टांगला तर तो खोटा दिलासा देतो.

आता मुख्य गोष्ट. ग्रीनहाऊस गरम ठेवायचं नसतं, फक्त गोठू द्यायचं नसतं. या दोन्हींतला फरक विजेच्या बिलावर दिसतो. माझं काचघर अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद; काच सगळी मिळून साधारण 20 चौरस मीटर. एकेरी काचेच्या दर चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, सुमारे 6 वॅट उष्णता निसटते. म्हणजे अंशामागे 120 वॅट. बाहेर उणे 5 असताना आत 3 ठेवायचे तर फरक 8 अंशांचा, हीटरला जवळजवळ 1 किलोवॅटचं काम. आत 12 ठेवायचे तर 2 किलोवॅटच्या वर. सोळा तासांच्या रात्रीत याचे किती युनिट होतात ते तुम्हीच मोजा.

मोगऱ्याच्या त्या धड्यानंतर मी आधी 12 ठेवले होते. आणि झाडांचं भलं झालं का? नाही. ऊब होती पण उजेड नव्हता, दिवस जेमतेम आठ तासांचा. लिंबाला लांबच लांब, फिकट, लुळे कोंब फुटले आणि त्यांवर मावा पडला. थंडीत झाडाला झोपायचं असतं. मी त्याला झोपू देत नव्हते. आता हीटर आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट 3 वर असतो. कण्हेर, बोगनवेल, लिंबू, जिरॅनियम आणि कर्दळीचे कंद त्यावर सुखाने हिवाळा काढतात. बोगनवेल पानं गाळते, गाळू द्यावी. डाळिंब तर त्याहून खमकं. मोगरा, जास्वंद आणि तुळस यांना मात्र हे झेपत नाही. ती तिघं घरात, खिडकीपाशी.

हीटरच्या आधी बबलचं प्लास्टिक. मोठ्या फुग्यांचं घ्यावं आणि काचेपासून बोटभर अंतर सोडून आतून लावावं, म्हणजे मध्ये हवेचा आणखी एक थर मिळतो. उष्णतेची गळती जवळपास एक तृतीयांशाने कमी होते. थोडा उजेड जातो, पण झोपलेल्या झाडांना तो चालतो. दाराच्या फटी बुजवायला विसरू नका. छताची खिडकी मात्र वेगळी गुंडाळावी, कारण ती उघडावी लागते.

पाण्याच्या पिंपाबद्दल बरंच कौतुक ऐकलं होतं, म्हणून 200 लिटरचं काळं पिंप भरून ठेवलं. दहा अंशांवरून दोनवर येईपर्यंत ते पावणेदोन-दोन युनिटांइतकी उष्णता सोडतं. साध्या रात्री तेवढ्याने निभावतं, कडक रात्री हीटर लागतोच. शिवाय आठवडाभर ऊन नसलं की पिंपही थंडच. तरी मी ते ठेवलंय. एकदा रात्री वीज गेली तेव्हा पारा हळूहळू उतरला आणि मला झाडांवर पांढरं पातळ कापड टाकायला वेळ मिळाला.

काहीजण रॉकेलचा हीटर वापरतात. मला तो पटत नाही. एक लिटर रॉकेल जळालं की साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन आतल्या हवेत येतं, वर खिडकी किंचित उघडी ठेवावी लागते, नाहीतर हवा दूषित होते. आणि हिवाळ्यात झाडं थंडीपेक्षा ओलीने जास्त मरतात, हे माझं आता ठाम मत झालंय. राखाडी बुरशी एका कुजक्या पानावर बसते आणि चार दिवसांत शेजारच्या खोडावर. म्हणून पंख्याचा विजेचा हीटर, जमिनीपासून थोडा वर, पाणी उडणार नाही असा, आणि त्याच्या जोडणीवर गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर. पिवळं पान दिसलं की लगेच खुडते. पाणी दोन-तीन आठवड्यांतून एकदा, तेही कुंडी उचलून हलकी लागली तरच, सकाळी, पानांवर थेंब न पडू देता.

सध्या सूर्य वर चढू लागलाय आणि धांदल उलटी झालीये. दुपारी आत 25 अंश, पहाटे बाहेर उणे 2. दहाला छताची खिडकी उघडायची, तीन वाजता, ऊन उतरायच्या आत लावायची, म्हणजे दिवसाची ऊब रात्रीसाठी राहते. आज खिडकी लावताना लिंबाच्या खालच्या फांदीवर पहिला कोंब दिसला. आखूड, जाड, जांभळट. त्याच्यावर कापड रोजच्यापेक्षा जरा सैल टाकलं आणि मावशीला फोटो पाठवला.