गुहागर ते चिपळूण : दिंडीच्या वाटेवरची ओळख

कोकणातल्या शेतकऱ्याला आषाढी वारी सहसा साधत नाही, कारण त्या दिवसांत भाताची लावणी अंगावर आलेली असते. म्हणून आमच्याकडची बरीच माणसे कार्तिकी एकादशी धरतात. हळवे भात कापून, झोडून घरात आले की आमची दिंडी गुहागरच्या किनाऱ्यावरून निघते आणि शृंगारतळी, मार्गताम्हाने, मिरजोळी असे करत चिपळूण गाठते; पुढे कुंभार्ली घाट चढला की देश लागतो. सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांच्या या पहिल्या टप्प्यात जे घडले, तेवढेच येथे लिहितो.

दिंडीत मुंबईहून आलेला एक तरुण चाकरमानी होता. शृंगारतळी जवळ येऊ लागली तसा तो चोपदारांना विचारू लागला की पुढे मुसलमानांची वस्ती आहे, तेव्हा टाळ वाजवत जायचे की मुकाट्याने. त्याची भीती खरी होती. फक्त ती अनुभवातून आलेली नव्हती, फोनवर येणाऱ्या चित्रफितींतून आली होती. वीणेकरी बुवांनी त्याला देहूचा दाखला दिला : तुकोबांची पालखी आषाढीला निघाली की अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तेथे अभंग होतो, आरती होते, आणि मगच ती पुढे सरकते. तरुणाने आदराने मान डोलावली, पण भीती तशीच राहिली. मला वाटते, संतांच्या काळातला फकीर मान्य करायला कोणालाच जड जात नाही. अवघड असतो तो आजचा, रस्त्याकडेला राहणारा, आपल्याशी व्यवहार करणारा माणूस.

असा माणूस आम्हाला शृंगारतळीच्या अलीकडे भेटला. त्यांची भातगिरणी आहे, आणि आमच्या वाडीचे भात वर्षानुवर्षे तेथेच भरडले जाते. मणाला तांदूळ किती उतरला, कणी जास्त का पडली, कोंडा कोणाचा, यावरून त्यांच्याशी आमच्या लोकांची भांडणे होतात आणि उधारीच्या बाबतीत चाचा अजिबात दयाळू नाहीत, हे सांगून ठेवलेले बरे. त्यांनी अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. माळकऱ्यांना शंका नको म्हणून चहा बाजारातल्या हॉटेलातून मागवला होता. तेव्हा आमच्यातल्या सर्वांत वयस्कर आजी म्हणाल्या, “वर्षभर तुझ्या गिरणीतला तांदूळ खातो रे आम्ही, आता घरच्या चहानेच काय बाटणार? सुनेला सांग, आले घालून कर.” मग आतून पातेले आले. दोघा-तिघांनी मात्र तो चहा घेतला नाही. चाचांनी त्यांच्यापुढे हॉटेलातला ठेवला आणि कोणालाच काही विचारले नाही.

चहा पिता पिता तरुण मोकळा झाला आणि कौतुकाने म्हणाला, “चाचा, तुम्ही बोलता तेव्हा मुसलमान वाटतच नाही.” चाचा हसले. “मग काय वाटतो? नमाज चुकवत नाही, रोजे धरतो. मुसलमान असाच असतो म्हण ना!” तरुण गोरामोरा झाला.

या वाक्यावर मी पुढची बरीच वाट विचार करत चाललो. एखादा मुसलमान चांगला निघाला की आपण त्याला त्याच्या समाजातून वेगळा काढतो, अपवाद म्हणून मिरवतो, आणि बाकीच्यांविषयीचे मत जसेच्या तसे ठेवतो. अशी ओळख कितीही गोड असली तरी तिच्याने काही बदलत नाही. चाचांचे बोलणे तरी कोठे निराळे आहे? कोकणी मुसलमान घरात उर्दू नव्हे, कोकणीच बोलतात. दळवी, सुर्वे, चौगुले ही आडनावे त्यांच्यातही आहेत आणि आमच्यातही. इतकेच नव्हे, भारतातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी पंथाचे असताना कोकणी मुसलमान शाफई पंथाचे आहेत, कारण त्यांचा जुना संबंध दर्यावरून आलेल्या अरब व्यापाऱ्यांशी आहे. ‘ते सगळे एकसारखे’ असे म्हणणाऱ्याला किनाऱ्यावरची ही एवढी गोष्टही ठाऊक नसते.

एकसारखेपणाचा उरलासुरला समज मिरजोळीत सुटला. हे हमीद दलवाईंचे गाव. १९६६ साली तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत नेणारे आणि १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे दलवाई येथेच १९३२ साली जन्मले. टपरीवर तरुणाने त्यांचे नाव काढले मात्र, आणि दोन मुसलमान गृहस्थांत जुंपली. एकाच्या मते दलवाईंनी समाजाला दुखावले, तर दुसऱ्याच्या मते ते पन्नास वर्षे आधी जन्मले. दोघांचेही आवाज चढले, तरी चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर ते पुन्हा तितक्याच जोराने भांडले.

“म्हणजे यांच्यातही असे वाद होतात?” तरुणाने चोपदारांना विचारले.

“गेल्या साली वीणा कोणी घ्यायची यावरून आपल्या दिंडीत काय झाले, ते तुझ्या बापाला विचार,” चोपदार म्हणाले. बहादूरशेख नाक्यापर्यंत अंधार पडायच्या आत पोचायचे होते, म्हणून त्यांनी पताका उचलायला सांगितल्या; तरुण मात्र त्या दुसऱ्या गृहस्थांना आणखी काहीतरी विचारत मागेच रेंगाळला, आणि शेवटी त्याला दोनदा हाक मारावी लागली.